जिंकूनही माघारी: योरितोमोने ११८० मध्ये क्योतोकडे कूच का केली नाही?

पार्श्वभूमी

जपानमध्ये योद्ध्यांची राजवट कशी आली हे सांगताना मिनामोतो आणि ताइरा या दोन घराण्यांच्या वैरापासून सुरुवात करायची पद्धत आहे. ते वैर खरंच होतं आणि त्यात हजारो माणसं मेली. पण एवढ्यावरून एक गोष्ट उलगडत नाही. पूर्वेकडचे कितीतरी ताइरा वंशाचे सरदार एका मिनामोतोच्या झेंड्याखाली का उभे राहिले? म्हणून आधी एका जमिनीची हकिकत सांगतो.

आजच्या तोक्योच्या ईशान्येला, त्या वेळच्या शिमोसा प्रांतात, सोमा नावाचा मुलूख होता. तिथला कारभार चिबा घराणं पाहत असे. ११३० मध्ये चिबा त्सुनेशिगेने हा मुलूख इसेच्या देवस्थानाला अर्पण केला. म्हणजे कागदावर मालकी देवस्थानाची, उत्पन्नातला ठरलेला वाटा त्यांना, आणि त्या बदल्यात सरकारी अधिकाऱ्यांपासून संरक्षण. जमीन प्रत्यक्षात चिबांच्याच हाती राहायची. त्या काळी जपानभर हीच रीत होती. पण संरक्षण कागदावरच राहिलं. ११३६ मध्ये प्रांताच्या सुभेदाराने थकलेल्या साऱ्याचं निमित्त काढून त्सुनेशिगेला अटकेत टाकलं आणि जमीन सोडल्याचं लिहून घेतलं. ११४३ मध्ये मिनामोतो नो योशितोमो नावाच्या सरदाराने दडपण आणून त्याच जमिनीचा कागद आपल्या नावावर करून घेतला. त्सुनेशिगेचा मुलगा त्सुनेताने याने थकबाकी भरून ११४६ मध्ये हक्क परत मिळवला. पुढे ११६१ मध्ये शेजारच्या हिताची प्रांतातल्या साताके घराण्याने जुन्या सुभेदाराच्या मुलाकडून ते जुने कागद मिळवले आणि सोमा पुन्हा हातचं गेलं.

आता वंश पाहा. चिबा हे ताइरा वंशाचे. साताके मिनामोतो. ज्या योशितोमोने चिबांना नाडलं तोही मिनामोतो, आणि या प्रकरणातला मुख्य माणूस, योरितोमो, हा त्याचाच मुलगा. पूर्वेच्या सरदारांची खरी दुखरी नस ही होती: पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन दूरच्या राजधानीतल्या एका कागदाने कधीही जाऊ शकत होती.

राजधानीत, क्योतोमध्ये, वेगळंच चाललं होतं. ११५६ मध्ये राजघराण्यातला वारसाहक्काचा वाद हातघाईवर आला आणि दोन्ही पक्षांनी योद्धे बोलावले. मिनामोतोंत बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या. ताइरांत काका-पुतणे समोरासमोर. जिंकलेल्या बाजूला योशितोमो आणि ताइरा नो कियोमोरी होते. योशितोमोला स्वतःच्या बापाच्या देहान्ताची आज्ञा पाळावी लागली. तीन वर्षांनी याच योशितोमोने, कियोमोरी तीर्थयात्रेला गेला असताना, राजवाडा ताब्यात घेतला. तो डाव फसला. पळून जाताना ओवारी प्रांतात आश्रय देणाऱ्यानेच त्याला मारलं. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा योरितोमो पकडला गेला. कियोमोरीच्या सावत्र आईने रदबदली केली, म्हणून त्याचा जीव वाचला आणि त्याची इझूला हद्दपारी झाली.

त्यानंतरची वीस वर्षं कियोमोरीची. ११६७ मध्ये तो महामंत्री झाला. मुलगी सम्राटाला दिली आणि ११८० मध्ये त्याचा तान्हा नातू अंतोकू गादीवर बसला. त्याआधी, ११७९ मध्ये, त्याने गादी सोडूनही कारभार चालवणाऱ्या निवृत्त सम्राट गो-शिराकावाला नजरकैदेत टाकलं होतं आणि अनेक प्रांतांच्या सुभेदाऱ्या आपल्या लोकांना वाटल्या होत्या. कियोमोरी फार कर्तबगार माणूस होता. आजच्या कोबेजवळचं बंदर वाढवून चीनशी व्यापार चालवणारा त्याच्यासारखा दुसरा त्या काळात नव्हता. पण त्याने दरबाराचीच शिडी धरली आणि तिच्या टोकापर्यंत चढला. पूर्वेच्या शेतांवर मात्र तोच जुना कागद आणि तीच जुनी धास्ती राहिली. उलट, नवे ताइरा अधिकारी आल्यावर ती धास्ती वाढलीच.

पेच

११८० च्या चौथ्या महिन्यात (तारखा जुन्या जपानी चांद्र पंचांगाच्या आहेत) राजपुत्र मोचिहितोने ताइरांविरुद्ध उठावाचा हुकूम काढला. पुढच्याच महिन्यात तो मारला गेला, पण हुकुमाच्या नकला तोवर देशभर पोहोचल्या होत्या. योरितोमोला क्योतोहून महिन्यातून तीनदा बातमी पाठवणारा एक माणूस होता, मियोशी यासुनोबू, दरबारातला मध्यम दर्जाचा कारकून. त्याने सहाव्या महिन्यात निरोप धाडला: हुकूम मिळालेल्या सगळ्या मिनामोतोंना मारायचं ठरलं आहे, उत्तरेला पळून जा.

योरितोमो पळाला नाही. आठव्या महिन्यात त्याने इझूतला ताइरांचा प्रतिनिधी मारला, आणि आठवडा उलटायच्या आत इशिबाशियामाला सपाटून मार खाल्ला. त्याचे तीनशे, समोर तीन हजार. जीव वाचवून तो होडीने समुद्रापलीकडे आवा प्रांतात गेला. तिथे सगळं पालटलं. चिबा त्सुनेताने आपल्या मुलांसह येऊन मिळाला. पाठोपाठ काझुसा हिरोत्सुने मोठी फौज घेऊन आला. दहाव्या महिन्याच्या ६ तारखेला योरितोमो कामाकुरा या किनाऱ्यावरच्या वस्तीत शिरला, आणि २० तारखेला फुजी नदीच्या काठी ताइरांची फौज त्याच्यासमोर होती.

ती लढाई झालीच नाही. रात्री पाणपक्ष्यांचा थवा एकदम उडाला. आधीच उपासमारीने आणि पळापळीने पोखरलेल्या ताइरा फौजेला तो आवाज हल्ल्याचा वाटला आणि ती उधळली. सेनापती कोरेमोरी, कियोमोरीचा नातू, जीव घेऊन राजधानीकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी योरितोमोने पाठलागाचा हुकूम दिला: क्योतो गाठायचं.

समोरचे पर्याय

त्याची बाजू समजून घेतली पाहिजे. शत्रू पळत होता. बापाचा सूड वीस वर्षं मनात होता. आणि तोवर जपानमध्ये ज्याला ज्याला सत्ता हवी होती, त्याने ती क्योतोमध्येच मिळवली होती. पदव्या तिथे, सम्राट तिथे, जमिनीचा प्रत्येक कागद तिथे. सत्तेचं दुसरं ठिकाण असू शकतं ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती.

तीन माणसं आडवी आली: चिबा त्सुनेताने, मिउरा योशिझुमी, काझुसा हिरोत्सुने. तिघेही ताइरा वंशाचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. हिताचीत साताके अजून शरण आलेले नाहीत. त्यांच्या घरचा कर्ता माणूस राजधानीत ताइरांच्या सेवेत आहे. पूर्वेत मान ताठ ठेवणारे आणखीही बरेच आहेत. आधी पूर्व निर्धास्त करा, मग पश्चिमेकडे जा.

यात लष्करी शहाणपण होतं, पाठीमागे शत्रू ठेवून कुणी शंभर कोस जात नाही. पण त्सुनेतानेच्या तोंडी साताकेंचं नाव येतं तेव्हा मला त्यात सोमाच्या शेतांचाच आवाज ऐकू येतो. क्योतोमध्ये कोण बसतो यात त्याला फारसा रस नव्हता. आपली जमीन परत हवी होती, आणि ती परत जाणार नाही याची हमी हवी होती. योरितोमो क्योतोला गेला असता तर ही माणसं त्याच्यामागे किती दिवस टिकली असती? पिकाच्या हंगामात घरदार सोडून परक्या मुलखात, दुसऱ्याच्या सूडासाठी?

तिसरा पर्याय त्या सकाळी कुणी मांडलेला दिसत नाही: ताइरांशी वाटाघाट. तो योरितोमोने स्वतःच पुढच्या वर्षी मांडला. त्याबद्दल पुढे.

निर्णय आणि पहिली पावलं

योरितोमो मागे फिरला. माझ्या मते या सबंध प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे, आणि तो एकट्याच्या दूरदृष्टीतून आलेला नाही. त्याचा पहिला आदेश चुकीचा होता. हाताखालच्यांनी तो अडवला आणि त्याने ऐकलं. वीस वर्षं हद्दपारीत, दुसऱ्यांच्या मेहरबानीवर काढलेल्या माणसाला आपल्याकडे स्वतःची अशी फौज नाही याची पक्की जाण असणार.

मागे फिरताना त्याने पश्चिमेच्या वाटेवरच्या सुरुगा आणि तोतोमी या प्रांतांचा बंदोबस्त काई प्रांतातल्या आपल्या मिनामोतो भाऊबंदांवर, ताकेदा आणि यासुदा यांच्यावर सोपवला. क्योतो आणि कामाकुरा यांच्यामध्ये अशी एक भिंत उभी राहिली. ती भिंत म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धीच होते, हेही लक्षात घेण्यासारखं.

२३ तारखेला सागामी प्रांताच्या ठाण्यात त्याने पहिल्यांदा बक्षिसं दिली. सरदारांचे जुने वतनी हक्क कायम केले, काहींना नवी जमीन दिली. इथे थोडं थांबायला हवं. हे करणारा माणूस कायद्याने हद्दपार कैदी होता. जमीन द्यायचा त्याला कसलाच अधिकार नव्हता. आधार म्हणून होता तो एका मेलेल्या राजपुत्राचा हुकूम. तरीही सरदारांनी त्या सनदा मानल्या, कारण देणारा माणूस समोर उभा होता आणि शेजारी कुरापत काढायला आला तर तो धावून येणार होता. इसेचं देवस्थान किंवा क्योतोचा मानकरी हे कधीच करू शकला नव्हता.

अकराव्या महिन्यात साताकेंवर चाल झाली. त्यांचा सोयरा असलेल्या हिरोत्सुनेने साताके योशिमासाला बोलणी करायला पुलावर बोलावून ठार केलं आणि कानासा किल्ला पडला. सोमा चिबांकडे परतलं. त्याच महिन्यात सरदारांच्या हजेरीचं, शिस्तीचं खातं उभं राहिलं, वादा योशिमोरी त्याचा प्रमुख. बाराव्या महिन्यात योरितोमो कामाकुरातल्या नव्या वाड्यात राहायला गेला, तेव्हा ३११ सरदार दोन रांगांत समोरासमोर बसले होते. हेच त्याचे गोकेनिन, शपथेने बांधलेले सरदार. मासेमाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या त्या वस्तीत रस्ते आखले जाऊ लागले.

आणखी एक लहानशी गोष्ट या काळाबद्दल फार सांगून जाते. दरबाराने पुढे दोनदा शकाचं नाव बदललं. कामाकुरात ११८३ पर्यंत कागदावर जुनंच नाव घातलं जात राहिलं. तान्ह्या ताइरा सम्राटाचा काळ त्यांनी मोजायलाच नकार दिला.

दुसऱ्याने तोच डाव खेळला तेव्हा

योरितोमोने न निवडलेला पर्याय कसा उलगडला असता, हे सहसा कळत नाही. इथे मात्र कळतं, कारण त्याचा चुलतभाऊ किसो योशिनाका तो पर्याय जगला.

११८१ मध्ये कियोमोरी तापाने गेला. त्या वर्षीपासून पश्चिम जपानात भीषण दुष्काळ होता. क्योतोमध्ये एका भिक्षूने दोन महिन्यांत रस्त्यावरची प्रेतं मोजली, आकडा भरला ४२,३०० हून अधिक. योशिनाकाने ११८३ च्या पाचव्या महिन्यात कुरिकारा खिंडीत ताइरांचा चुराडा केला आणि सातव्या महिन्यात तो राजधानीत शिरला. ताइरा बालसम्राट आणि राजचिन्हं घेऊन पश्चिमेला निसटले.

मग उपाशी शहरात उपाशी फौज राहिली. लूट सुरू झाली. योशिनाकाने गादीचा वारस कोण असावा यातही हात घातला. दरबार विटला. गो-शिराकावाने योरितोमोला बोलावणं पाठवलं. योरितोमोने नकार दिला आणि त्याची कारणं त्या वेळच्या दरबारी रोजनिशीत टिपलेली आहेत: मी निघालो तर उत्तरेचा फुजिवारा हिदेहिरा आणि साताके मागून येतील, शिवाय एवढी फौज घेऊन आलो तर राजधानीला ती पोसवणार नाही. १८० अंशात फिरलेला हा माणूस पाहा. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी त्याला सांगितलेला युक्तिवाद आता त्याचा स्वतःचा झाला होता.

नकारासोबत त्याने एक प्रस्ताव धाडला आणि ११८३ च्या दहाव्या महिन्यात दरबाराने तो मान्य केला. पूर्वेकडे जाणाऱ्या तोकाई आणि तोसान या दोन्ही मार्गांवरच्या मुलखात मानकऱ्यांच्या आणि देवस्थानांच्या जमिनी मूळ मालकांना मिळाव्यात, त्यांचा सारा क्योतोला पोहोचावा; जो ऐकणार नाही त्याचा बंदोबस्त योरितोमोने करावा. क्योतोला पैसा मिळाला. योरितोमोला पूर्वेवरची हुकमत मिळाली, आता राजाज्ञेसकट. बंडखोर एका फटक्यात रक्षक झाला.

योशिनाकाने दोन महिन्यांत गो-शिराकावाच्या वाड्यावर हल्ला केला आणि ११८४ च्या पहिल्या महिन्यात योरितोमोच्या भावांच्या, नोरियोरी आणि योशित्सुने यांच्या, फौजेपुढे तो आवाझूला मारला गेला. पुढे इचिनोतानी, याशिमा, आणि ११८५ च्या तिसऱ्या महिन्यात दान्नोउराची समुद्रावरची लढाई. बालसम्राट अंतोकूला आजीने कवेत घेऊन पाण्यात उडी घेतली. या तिन्ही लढाया योशित्सुनेने गाजवल्या. योरितोमो तोवर कामाकुरातून हललाही नव्हता.

निष्पत्ती

ज्या कारणासाठी पूर्व एक झाली होती तेच आता धोक्यात आलं. दरबार योरितोमोला न विचारता त्याच्या सरदारांना पदव्या वाटू लागला. योशित्सुनेनेही पद घेतलं. योरितोमोचा संताप ११८५ च्या चौथ्या महिन्यातल्या एका पत्रात शब्दशः शिल्लक आहे. पदव्या घेतलेल्यांची त्याने नावानिशी यादी केली आणि बजावलं: सुनोमाताच्या (पूर्वेकडे येण्याच्या वाटेवरचं ठिकाण) पूर्वेला पाऊल टाकाल तर वतन जप्त आणि डोकं उडेल. एकाबद्दल लिहिलं आहे की उंदरासारख्या डोळ्यांच्या या माणसाने मुकाट नोकरी करायची ती सोडून पद घेतलं, नवलच म्हणायचं. पत्र वाचताना हे केवळ रागाचे शब्द वाटतात, पण मुद्दा राजकीय होता. बक्षीस दोन ठिकाणांहून मिळू लागलं की निष्ठाही दोन ठिकाणी जाते.

दहाव्या महिन्यात गो-शिराकावाने योशित्सुनेच्या हातात योरितोमोविरुद्धचा हुकूम दिला. तो उठाव जमलाच नाही. मग योरितोमोचा सासरा होजो तोकिमासा हजार स्वार घेऊन क्योतोला गेला आणि फरारी योशित्सुनेला शोधायच्या निमित्ताने देशभर प्रांतरक्षक आणि जमिनीवरचे कारभारी नेमायचा हक्क मागून घेतला. त्यांच्यासाठी दर तान (जमिनीचं माप) जमिनीमागे पाच शो (धान्याचं माप) तांदूळ. ही कल्पना ओए नो हिरोमोतोची, क्योतोहून कामाकुरात आलेल्या विद्वान कारकुनाची. निरोप धाडणारा यासुनोबूही आता कामाकुरात होता, खटले ऐकणाऱ्या खात्याचा प्रमुख म्हणून. ज्या कागदांनी पूर्वेच्या सरदारांना इतकी वर्षं छळलं, ते कागद आता त्यांच्याच गावात लिहिले जात होते.

११८९ मध्ये योशित्सुने उत्तरेत मेला आणि त्याच वर्षी उत्तरेचे फुजिवाराही संपले. पाठीमागे कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे ११९० मध्ये योरितोमो क्योतोला गेला. फुजी नदीच्या काठावरच्या त्या सकाळीनंतर दहा वर्षांनी. ११९२ मध्ये गो-शिराकावा वारला आणि त्याच वर्षी योरितोमो शोगुन, म्हणजे सर्वोच्च सेनापती, झाला.

वेगळं काय करता आलं असतं

ताइरांच्या बाजूने पाहिलं तर ११८१ चा क्षण डोळ्यात भरतो. योरितोमोने गुप्तपणे सुचवलं होतं की पूर्व मिनामोतोंनी सांभाळावी, पश्चिम ताइरांनी, आणि दोघांनी मिळून दरबाराची चाकरी करावी. कियोमोरीचा मुलगा मुनेमोरी याने मरत्या बापाच्या शब्दाचा दाखला देऊन ते फेटाळलं. त्या वेळी ताइरांकडे राजधानी होती, सम्राट होता, आरमार होतं. चार वर्षांनी काहीच उरलं नाही.

योरितोमोच्या बाजूने मला सर्वांत जास्त खटकतो तो काझुसा हिरोत्सुनेचा खून. ११८३ च्या शेवटी, सोंगट्यांचा डाव चालू असताना काजिवारा कागेतोकीने पटावरून उडी मारून त्याला कापलं. क्योतोशी तडजोड कशाला, आपण पूर्वेत आपल्यापुरते राहू, आपल्याला कोण हलवणार, असं हिरोत्सुने म्हणत असे, ही कैफियत योरितोमोने नंतर स्वतः दिली. पुढच्याच महिन्यात हिरोत्सुनेने देवस्थानाला वाहिलेलं चिलखत उघडलं तर आत योरितोमोच्या यशासाठी केलेला नवस लिहिलेला सापडला. फुजी नदीकाठी ज्या तिघांनी योरितोमोला वाचवलं त्यातला हा एक. तोंडावर नाही म्हणणाऱ्याची किंमत काय, हे त्यानंतर प्रत्येक सरदाराने लक्षात ठेवलं असणार.

योशित्सुनेचंही तेच. परवानगीचा नियम आवश्यक होता, पण दान्नोउराहून परतलेल्या भावाला कामाकुराच्या वेशीवर, कोशिगोएला, अडवून ठेवण्याने तो गो-शिराकावाच्या ओंजळीत पडला. समोर बसवून बोलता आलं असतं. आणि वारसाची घडी तर बसलीच नाही. ११९९ मध्ये योरितोमो गेला; थोरला मुलगा पदावरून काढला गेला आणि मारला गेला, धाकट्याचा १२१९ मध्ये खून झाला. सत्ता होजोंच्या, म्हणजे ताइरा वंशाच्याच घराण्याच्या, हाती गेली. राजवट मात्र टिकली, कारण तिचा पाया रक्तावर नव्हता.

याची कसोटी १२२१ मध्ये लागली. माजी सम्राट गो-तोबाने कामाकुराविरुद्ध हुकूम काढला. काही सरदार म्हणाले, हाकोनेच्या घाटात थांबून वाट पाहू. म्हातारे हिरोमोतो आणि यासुनोबू, दोघेही जन्माने क्योतोचे, म्हणाले, थांबलात तर माणसं फुटतील, आजच निघा. होजो यासुतोकी अवघे अठरा स्वार घेऊन बाहेर पडला. वाटेत पूर्वेचे सरदार येऊन मिळत गेले. एकेचाळीस वर्षांपूर्वी जे पाऊल घातक ठरलं असतं तेच आता बरोबर होतं, कारण मागे राहिलेली जमीन आता निर्धास्त होती. महिन्याभरात क्योतो पडलं. गो-तोबाची ओकी बेटावर हद्दपारी झाली. दरबाराच्या बाजूच्यांची तीन हजारांवर वतनं जप्त होऊन पूर्वेच्या सरदारांना मिळाली, आणि १२२३ मध्ये त्यांच्या वाट्याचा दर ठरला: दर अकरा चो (एक चो म्हणजे दहा तान) जमिनीमागे एक चो कारभाऱ्याची, वर तानामागे पाच शो तांदूळ.